उकार गळाला आणि पेट्या पुरळात उतरल्या: ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्यांना खुलं पत्र

ऑनलाइन अर्जांचे फॉर्म लिहिणारे प्रोग्रामर, त्यांच्याकडून ते करून घेणारे अधिकारी आणि टेंडरात 'मराठी सपोर्ट: होय' एवढं लिहून मोकळे होणारे सल्लागार, सर्वांस,

स. न. वि. वि.

वरच्या चार अक्षरांमागे चार टिंबं आहेत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा फॉर्म तेवढ्यावरच हे पत्र परत पाठवेल: 'विशेष चिन्हांना परवानगी नाही.' म्हणून ते फॉर्मात न भरता असं उघड्यावर लिहितो आहे.

आठ वर्षं पुण्यात प्रोग्रामर होतो. आता वेंगुर्ल्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, आणि संध्याकाळी शटर ओढलं की आंबेवाल्यांची, होमस्टेवाल्यांची लहानसहान संकेतस्थळं बनवतो. म्हणजे रकाना बनवणाराही मीच आणि दुसऱ्याने बनवलेल्या रकान्यात सकाळपासून अडकणाराही मीच. पुढे जे लिहितो आहे त्यातले अर्धे गुन्हे माझे आहेत. तेव्हा उपदेश वगैरे समजू नका.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारपर्यंत लाइट दोनदा जाऊन आलेली. डिसोझाकाकी प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून दुकानात आल्या. नवरा बोटीवर खलाशी होता, त्याची थोडी रक्कम एका कार्यालयाकडे राहिली आहे आणि तिचा दावा आता ऑनलाइनच करायचा. कागद टेबलावर पसरले. बोटीवरच्या पुस्तकात नाव इंग्रजीत असं: डी, त्याच्या खांद्याशी वरचा स्वल्पविराम, मग सोझा. मृत्यूच्या दाखल्यावर तो स्वल्पविराम गायब, सगळं एकसलग. बँकेच्या पासबुकात स्वल्पविरामाच्या जागी मोकळी जागा. पुस्तकात आहे तसं मी टाइप केलं. लाल ओळ आली, 'नावात अवैध वर्ण.' एकसलग लिहिलं, तर पुढच्या पानावर पुस्तकाशी मेळ बसेना. जागा सोडून लिहिलं, तर फॉर्मने डी हे वडिलांचं नाव आणि सोझा हे आडनाव धरलं. तीन तऱ्हा, तिन्ही नापास.

काकी शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मगे आता काय करूचा, झिला? मेलेल्या माणसाचा नाव बदलूचा?"

त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला, चर्चच्या आवारातल्या क्रूसाचा. संगमरवरी पाटीवर नाव कोरलं आहे, वरच्या स्वल्पविरामासकट. कोरणाऱ्याने एक घाव जास्त घातला, पैसे अक्षरांवर मोजले आणि त्या चिन्हाचे घेतलेच नाहीत.

तुम्ही ते चिन्ह का अडवता हे मला ठाऊक आहे, कारण मीही अडवत होतो. डेटाबेसला आज्ञा देताना मजकूर त्याच चिन्हाच्या जोडीत गुंडाळलेला असतो. नावातच ते चिन्ह आलं की डेटाबेसला वाटतं मजकूर संपला, आणि उरलेलं आडनाव तो आज्ञा म्हणून वाचायला लागतो. वाईट हेतूचा माणूस याच फटीतून आत शिरतो, त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. भीती खरी आहे. उपाय मात्र चुकीच्या माणसाच्या मानगुटीवर बसवला आहे. आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवायचे, म्हणजे मजकुरात काहीही असलं तरी डेटाबेस त्याला मजकूरच समजतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात ते हेच. पीएचपी, जावा, पायथॉन, डॉट नेट, प्रोग्राम लिहायच्या या सगळ्या साधनांत ही सोय कित्येक वर्षं आयती पडून आहे. आमच्याकडे माकडं येतात म्हणून कोणी हापूसची कलमं तोडत नाही, राखणीला माणूस ठेवतात.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. चिन्ह अडवत नाहीत, पण आत घेतानाच त्याचं वेषांतर करून ठेवतात: अँडचं चिन्ह, हॅश, ३९ आणि अर्धविराम. वेबपानावर दाखवताना ब्राउझर त्याचा पुन्हा वरचा स्वल्पविराम करतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण तीच साठवण पाकिटावर छापली जाते तेव्हा ब्राउझर मध्ये नसतो. असं एक पाकीट आमच्याकडे आलं होतं. पोस्टमनने मला विचारलं, "हा ३९ घर नंबर काय?" वेषांतर करायचं ते पानावर दाखवण्याच्या क्षणी. साठवायचं ते माणसाने लिहिलं तसंच.

आता माझे गुन्हे.

आंबोलीला एका मित्राचं होमस्टे आहे. त्याच्या संकेतस्थळावर त्याने हौसेने चार ओळी लिहिल्या, त्यात एक होती, 'अंगणात बसलात की समोर हिरव्यागार दऱ्या.' आठवड्याभरात त्याचा फोन. तीन गिऱ्हाइकांनी विचारलं होतं, आंबोलीतून समुद्र दिसतो का? संकेतस्थळ उघडून बघतो तर ओळ अशी झालेली: 'समोर हिरव्यागार दर्या.'

दर्या आणि दऱ्या. कोकणात या दोन शब्दांच्या मध्ये अख्खा घाट उभा आहे. तो कसा सपाट झाला ते सांगतो. मराठीतला हा आडवा, कोयत्यासारखा अर्धा 'र' संगणकात दोन वाटांनी लिहिता येतो. एक म्हणजे नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला वेगळा ऱ, त्याचा पाय मोडून. दुसरी जुनी वाट: साधा र, पाय मोडायचं चिन्ह, आणि त्यामागे एक अदृश्य अक्षर. झिरो विड्थ जॉइनर त्याचं नाव, युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, क्रमांक २००डी. ते दिसत नाही, जागा घेत नाही, फक्त 'र'ला सांगतं की डोक्यावर रफार होऊन बसू नकोस, असा आडवा हो. मित्राच्या कीबोर्डाने दुसरी वाट धरली होती. आणि मी, लॉगिनच्या रकान्यात लोक कुठून कुठून चिकटवलेली अदृश्य अक्षरं घेऊन येतात म्हणून कंटाळून, एक ओळ लिहिली होती: शून्य रुंदीची सगळी अक्षरं पुसून टाक. पासवर्डासाठी लिहिलेली ओळ आळसापोटी सगळ्या रकान्यांना लावली. जॉइनर गेला, 'र' उडी मारून 'य'च्या डोक्यावर बसला, दरीत पाणी भरलं.

याला तुम्ही 'सॅनिटायझेशन' म्हणता. मीही म्हणायचो. घरात शिरलेला माणूस कपाट आवरून देतो आणि आवरताना आईची कुंकवाची डबी फेकून देतो, तसलं ते आवरणं.

दुसरा गुन्हा पैशाला पडला. देवगडच्या एका बागायतदाराच्या पेट्यांची ऑर्डर घेणारं पान मी बनवलं. गावाचं नाव टाइप केलं की यादीतून गाव सापडायला हवं. इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज नावांमध्ये शोध सोपा व्हावा म्हणून एक रूढ युक्ती आहे: अक्षर आणि त्याच्यावरची खूण आधी सुटी करायची, मग खुणा काढून टाकायच्या. ए-वरचा आघात काढला की उरतो साधा ए. युक्ती चांगली आहे, हजारो ठिकाणी चालते. मी ती देवनागरीवर चालवली.

युनिकोडच्या हिशेबात आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह हे सगळं त्याच खुणांच्या पोतडीत पडतं, जागा न घेणाऱ्या. काना आणि दोन्ही वेलांट्या वेगळ्या पोतडीत, जागा घेणाऱ्या. माझ्या ओळीने पहिली पोतडी रिकामी केली. वेंगुर्ले झालं 'वगरल'. कुडाळ झालं 'कडाळ'. चिपळूणचं 'चिपळण'. मालवण मात्र शाबूत राहिलं, त्यात काना सोडून काहीच नाही. मी तपासणी मालवण टाकूनच केली होती, म्हणून सगळं ठीक वाटलं.

देवगड तालुक्यात पुरळ नावाचं गाव आहे. उकार काढा आणि वाचून बघा. परळच्या गिऱ्हाइकाने मागवलेल्या चार पेट्या पुरळच्या यादीत गेल्या आणि तिथेच उतरल्या. मुंबईला जायचा आंबा देवगडातच फिरून पुन्हा देवगडात आला. पिकायला लागलेला आंबा कोणाची वाट बघत नाही. त्या चार पेट्यांचे पैसे मी भरले. बागायतदार हसला, पण पैसे घेतले, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हापासून तपासणीसाठी मी एक चिठ्ठी मॉनिटरला चिकटवून ठेवली आहे. 'टेस्ट टेस्ट' आणि 'एबीसी' ही नावं टाकून फॉर्म पास करणाऱ्यांनी तीही एकदा वापरून बघावी: वेंगुर्ले, हर्णै, कऱ्हाड, श्रीकृष्ण, ज्ञानेश्वर, ॲड. असं लिहिलेला वकील आणि अर्थात डि'सोझा. ही गेली की मग बोला.

यातलं ॲ एक मजेशीर प्रकरण आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक साध्या 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत, काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात, म्हणून वकीलसाहेब स्वतःच्याच नोंदीत सापडत नाहीत. पोर्तुगीज अक्षरांचं थोडंफार असंच. आमच्याकडून गोव्याची हद्द जवळ, कित्येक घरांत आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला पोर्तुगीजमध्ये आहे, ए-वर लाट, सी-ला खाली शेपटी. ए-वरची लाट एक सबंध अक्षर म्हणूनही साठवता येते, क्रमांक २२७, किंवा ए आणि वेगळी लाट असं दोन तुकड्यांतही. तिथे नॉर्मलायझेशनची सोय आहे. एनएफसी नावाची रीत लावली की तुकडे जुळून एक होतात. ती प्रत्येक रकान्याला लावाच. पण एवढ्यावर थांबू नका, कारण एनएफसी आपल्या दोन ॲंना एक करत नाही, आणि आडव्या 'र'च्या दोन वाटाही जुळवत नाही. मराठीसाठी तेवढ्या दोन ओळी हाताने लिहाव्या लागतात. त्याही तुलना करताना वापरायच्या, साठवलेल्या नावाला हात लावायचा नाही.

मागे एका योजनेचा फॉर्म भरत होतो, नाव मराठीत मागत होता. मनातून बरं वाटलं. शरद नावाच्या गृहस्थांचा अर्ज झटक्यात गेला. त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या शारदाबाईंचा जाईना. 'कृपया फक्त अक्षरे वापरा.' नयन चालली, नयना नाही. वरद चालला, विनायक नाही. दहाएक नावं टाकून बघितल्यावर उलगडलं: त्या फॉर्मात फक्त बिनकान्यामात्र्याची माणसं राहू शकतात. प्रोग्रामरने नियम लिहिला होता की कोणत्याही भाषेतलं 'अक्षर' चालेल, आणि त्याची नियत चांगलीच होती. पण युनिकोड ज्याला अक्षर म्हणतो त्या एल वर्गात काना येत नाही, तो एम वर्गात, म्हणजे खुणांमध्ये. जोडून एम वर्गही घेतला असता तर शारदाबाईंना दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने यावं लागलं नसतं. त्या नियमात एम लिहायला लागतं ते एक अक्षर.

आता लांबी. रकाना म्हणतो, ३० अक्षरांपर्यंत. कोणाची ३० अक्षरं? 'श्रीकृष्ण' घ्या. शाळेतला मुलगा तीन अक्षरं सांगेल: श्री, कृ, ष्ण. युनिकोड नऊ मोजेल, कारण काना-मात्रा आणि मोडलेले पाय तो वेगळे धरतो. आणि साठवताना, यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रूढ रीतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणून २७. तिघंही बरोबर आहेत. तुमच्या रकान्यात तीन वेगवेगळ्या थरांवर हे तीन वेगवेगळे हिशेब चालू असतात, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. ब्राउझरने होकार दिलेलं नाव डेटाबेस बाइटांनी कापतो. आमच्या जिल्ह्याचंच नाव बघा: 'सिंधुदुर्ग' बरोबर ३० बाइटांत बसतं, एकही उरत नाही. 'सिंधुदुर्गनगरी'ला लागतात ४२. ३० बाइटांच्या रकान्यात जिल्ह्याचं मुख्यालय मावतच नाही, नगरी बाहेर पडते. मर्यादा ३२ असेल तर आणखी गंमत, 'न'चे दोन तृतीयांश आत येतात आणि काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. एसएमएसचंही हेच. इंग्रजीत १६० अक्षरं, एक जरी देवनागरी खूण आली की संपूर्ण संदेशाला ७०. त्यामुळे 'आपला अर्ज मंजूर झाला असून पुढील' असे मेसेज लोक मला आणून दाखवतात. पुढील काय, ते पुढच्या मेसेजात, आणि तो आलेला नसतो.

प्रश्नचिन्हांवरून आठवलं. दाखल्यावर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापून आली तर समजा की मजकूर गेला. डेटाबेसाच्या त्या रकान्याला देवनागरी माहीतच नव्हती, त्याने प्रत्येक खुणेचं प्रश्नचिन्ह करून ठेवलं, परत मिळवायला आत काहीच उरलेलं नाही. पण नावाच्या जागी डोक्यावर रेघा-टिंबं असलेल्या रोमन अक्षरांची रांगोळी दिसली, तर हातपाय गाळू नका. ते यूटीएफ-८ चुकीच्या चष्म्यातून वाचलेलं असतं, बहुतेक वेळा उलटं फिरवून नाव जसंच्या तसं मिळतं. तिसराही एक प्रकार आहे: 'म'च्या जागी अँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम. पान यूटीएफ-८ असल्याचं जाहीर न केल्यामुळे ब्राउझरने केलेली ती तडजोड. त्यात 'मालवण'ला ३५ अक्षरं लागतात. आधीच्या परिच्छेदातला ३० चा रकाना आठवा.

देवनागरी आकड्यांबद्दल जास्त लिहीत नाही. पिनकोड मराठी अंकांत लिहिला की 'फक्त अंक टाका' असा जबाब येतो. ते अंकच आहेत. पायथॉनला ते तसेच्या तसे कळतात, जावास्क्रिप्टला कळत नाहीत, एका ओळीत रूपांतर होतं. करून टाका.

हे सगळं तंत्र नवीन नाही. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. यूटीएफ-८ १९९२ सालचं, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोन संगणकतज्ज्ञांचं. आज दुकानात येणारी कॉलेजातली मुलं त्यानंतर जन्मली आहेत. म्हणजे जन्मल्यापासून त्यांचं नाव संगणकात नीट लिहिता येत होतं. फॉर्मात आल्यावर ते मोडलं.

अधिकारी मंडळींना एक वेगळं सांगायचं आहे, कारण टेंडर तुम्ही काढता. नियम पाळायला माझी ना नाही. एखादं चिन्ह खरंच नको असेल तर अडवा, पण कोणतं ते सांगा. 'अवैध वर्ण' म्हणजे काय? कितवा? माणूस आधी स्वतःचं नाव तपासतो, मग आईबापांचं, मग माझ्याकडे बघतो. आणि अडवण्यापेक्षा वाईट म्हणजे गुपचूप बदलणं. अडवलं तर निदान कळतं. उकार गळून साठवलं, शेपूट कापून साठवलं, तर ते चार वर्षांनी कळतं, वारसनोंदीच्या वेळी किंवा पासपोर्टाच्या खिडकीवर, आणि तेव्हा प्रतिज्ञापत्राचा, स्टॅम्पपेपरचा आणि हेलपाट्यांचा खर्च ज्याचं नाव आहे त्याच्या माथी. म्हणून स्वीकृतीच्या अटींत एवढंच लिहा: रकान्यात जे टाइप केलं तेच साठवलेलं, छापलेलं आणि शोधून सापडलेलं दिसलं पाहिजे, खुणेला खूण. माझी चिठ्ठी वर दिलीच आहे, फुकट आहे.

डिसोझाकाकींचा दावा अजून तसाच आहे. त्या कार्यालयाच्या मदत क्रमांकावरच्या मुलाने सांगितलं की नाव 'दुरुस्त' करून घ्या, म्हणजे बोटीवरच्या पुस्तकातला स्वल्पविराम काढायचं प्रतिज्ञापत्र करा. काकी तयार नाहीत. म्हणाल्या, "तेंनी सही तशीच केल्यानी आयुष्यभर." पुस्तक उघडून त्यांनी मला सही दाखवली. निळ्या शाईतली, समुद्राच्या हवेने पसरलेली, आणि डी-नंतरचं ते चिन्ह इतकं जोरात ओढलेलं की पानाच्या मागच्या बाजूला हाताला लागतं.

दाव्याची मुदत या महिनाअखेर संपते. फॉर्ममधला तो एक नियम तोवर बदललात तर मी त्याच रात्री भरतो, लाइट असो वा नसो, इन्व्हर्टर आहे.

आपला,
वेंगुर्ल्यातला एक फॉर्म भरणारा